मासा खात नाही? आधी पाणी, मग शेजारी, दाणा सगळ्यात शेवटी

मासा खायचा थांबला की बहुतेक घरांत पहिल्या दोन दिवसांत ठरलेल्या गोष्टी होतात. आधी दाणे जास्त टाकले जातात, एखादा तरी खाईल म्हणून. मग दुसऱ्या कंपनीचं पाकीट येतं. सोबत दुकानदाराने हातात ठेवलेली निळ्या औषधाची बाटली. तरीही फरक दिसत नाही, तेव्हा रविवारी अख्खी पेटी रिकामी करून, खडी आणि फिल्टर नळाखाली घासून, ताजं पाणी भरलं जातं. सगळं माशाच्या भल्यासाठीच चाललेलं असतं, आणि पुष्कळदा मासा दगावतो तो याच चार गोष्टींमुळे.

न खाणं हे लक्षण आहे. कारण बहुधा पाण्यात, तापमानात किंवा शेजारच्या माशात सापडतं; खाद्याचा नंबर बराच नंतर लागतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर मासा खायला लागला तरी कशाने लागला ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं घरातल्या गोड्या पाण्याच्या पेटीसाठी आहे: फायटर, गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न वगैरे. समुद्री माशांचं गणित वेगळं, ते इथे नाही.

## आधी हे हाताशी ठेवा

- काचेचा साधा थर्मामीटर. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी खोलीच्या हवेनेही बदलते, तिच्यावर विसंबू नका.
- अमोनिया, नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) आणि पीएच (पाणी आम्ल आहे की अल्कली ते) मोजायचं थेंबांचं टेस्ट किट. तिन्ही घेणं परवडत नसेल तर निदान अमोनियाचं घ्या.
- फक्त माशांसाठी वेगळी ठेवलेली बादली. जिच्यात एकदा साबण किंवा फिनेल पडलं, ती नको.
- तळाची घाण ओढायची नळी, आणि सुई काढलेली मोठी सिरिंज. न खाल्लेला दाणा उचलायला सिरिंजइतकं सोयीचं काही नाही.
- क्लोरीन मारायचे थेंब. दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळतात.
- १५–२० लिटरचा प्लास्टिकचा टब आणि त्यात चालेल असा छोटा स्पंज फिल्टर. गरज पडेलच असं नाही, पण रात्री अकरा वाजता पडली तर दुकानं बंद असतात.
- मोबाइल. रोज एकाच वेळी, एकाच कोनातून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. पोट आत गेलंय की नाही यावर घरात वाद होतात, ते व्हिडिओने मिटतात.

## टप्पा १: हात थांबवा, आणि मासा खरंच उपाशी आहे का ते ठरवा

पहिले २४ तास काहीही टाकू नका. तळाशी पडलेलं जुनं खाद्य नळीने काढून घ्या. कुजणाऱ्या दाण्यातून अमोनिया तयार होतो, म्हणजे न खाणाऱ्या माशाला जास्त खायला घालणं ही पाणी बिघडवायची सगळ्यात सोपी रीत.

उपाशी मरेल ही भीती सोडा. अंगाने भरलेला, पूर्ण वाढलेला मासा आठवडाभर सहज काढतो. ऑस्करसारखा मोठा मासा त्याहून जास्त. अपवाद पिल्लांचा. ती एक-दोन दिवसही तग धरत नाहीत, त्यांना हा नियम लावू नका.

आता बघा, यातलं काही आहे का:

नवा मासा. दुकानातून आणल्यावर दोन ते सात दिवस न खाणं सर्वसाधारण आहे. दुकानात त्याला काय घालत होते ते फोन करून विचारा. पुष्कळ मासे तिथे जिवंत ट्युबिफेक्सवर (गाळातल्या बारीक लाल किड्यांवर) वाढलेले असतात आणि दाणा हे खाद्य आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. पुढच्या वेळी घेतानाच दुकानदाराला समोर दाणा टाकून दाखवायला सांगा.

तोंडात अंडी धरलेली मादी. काही आफ्रिकन सिक्लिड (ऑस्कर, एंजल, फ्लॉवरहॉर्न याच कुळातले) माद्या अंडी-पिल्लं तोंडात धरतात आणि साधारण तीन आठवडे काही खात नाहीत. गळा फुगलेला आणि तोंड चघळल्यासारखं हलत असेल तर तिला एकटं सोडा.

बुडबुड्यांचं घरटं राखणारा नर फायटर. घरट्यात अंडी असतील तर तो खाण्याकडे लक्ष देत नाही.

निशाचर मासे. काचेला चिकटणारा सकर, खुली लोच, बरेचसे कॅटफिश दिवे गेल्यावर चरतात. दिवसा खात नाहीत म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

पोट भरलेला मासा. हसू नका, हे फार सापडतं. सकाळी आजोबा घालतात, दुपारी शाळेतून आलेला नातू घालतो, रात्री तुम्ही घालता आणि तुमच्या हातचं तेवढं मासा खात नाही. आधी घरात सगळ्यांना विचारा.

तपासा: वरून बघितल्यावर माशाची पाठ डोक्यामागे एकदम बारीक झाली आहे का? पोट आत ओढलेलं आहे का? तसं असेल तर उपास बऱ्याच दिवसांपासून चालू आहे, तुमच्या लक्षात आत्ता आलं. अशा माशाला २४ तास रिकामं ठेवायची गरज नाही, पण दुसरा आणि तिसरा टप्पा आजच करा.

## टप्पा २: दुरून बघा

पेटीपासून चार-पाच फूट लांब, पंधरा मिनिटं, शांत. काचेला नाक लावून बघितलंत तर मासा तुम्हाला बघून वागतो. काच ठोकू नका.

श्वास बघा. कल्ले भराभर हलतात का, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो का? सगळेच मासे असं करत असतील तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे किंवा विष आहे. एकच करत असेल तर त्याच्या कल्ल्यांना त्रास आहे. (फायटर आणि गुरामी अधूनमधून वर येऊन हवा घेतातच, ते धरू नका.)

पर बघा. अंगाला चिकटवून धरलेले पर म्हणजे मासा त्रासात आहे. त्वचा बघा: रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके, कापसासारखा थर, लाल रेषा. विष्ठा बघा: खाल्लेल्या दाण्याच्या रंगाची आणि लवकर तुटून पडणारी असेल तर ठीक; पांढरी, पारदर्शक, लांब लोंबणारी असेल तर लिहून ठेवा. ती रिकाम्या आतड्यामुळेही होते आणि आतल्या परजीवींमुळेही, म्हणून एवढ्या एका खुणेवरून औषध सुरू करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाणा समोर आल्यावर काय होतं ते आठवा. दाण्याकडे बघतही नाही, जवळ येऊन परत फिरतो, की तोंडात घेऊन थुंकतो? पहिलं असेल तर पाणी, तापमान किंवा आजार. दुसरं असेल तर भीती किंवा नावड. तिसरं असेल तर दाणा मोठा किंवा शिळा आहे, नाहीतर तोंडात काहीतरी आहे. गोल्डफिशच्या तोंडात खडीचा खडा अडकणं अगदी नेहमीचं. तोंड सतत उघडं दिसत असेल तर टॉर्च मारून बघा. मात्र गोल्डफिश आणि सिक्लिड एक-दोनदा थुंकून पुन्हा उचलतात, घशातल्या दातांनी चावताना तसं होतंच. थुंकून पाठ फिरवली तरच ते नकार देणं.

## टप्पा ३: पाणी मोजा, मग बदला

क्रम उलटा करू नका. पाणी बदलून मग मोजलंत तर कारण बादलीतून मोरीत गेलेलं असतं.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. ‘थोडंसं’ चालत नाही. पीएचसोबत वाचा, कारण पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी हिस्सा सुमारे दहापट होतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. ते बहुधा जड आणि जास्त पीएचचं असतं.

आकडा आल्यावर असं करा:

1. अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) आसपास असेल तर आज २५–३० टक्के पाणी बदला आणि उद्या पुन्हा मोजा.
2. १ किंवा जास्त असेल तर आज अर्धं पाणी बदला, उद्या पुन्हा मोजून तेवढंच. आकडा शून्य होईपर्यंत खाद्य बंद.
3. दोन्ही शून्य असतील पण पाणी महिनाभरात बदललेलं नसेल, तर २५ टक्के बदला.
4. पाणी कित्येक महिने बदललेलंच नसेल, फक्त आटलं तेवढं वरून भरलं असेल, तर घाई करू नका. अशा पेटीचा पीएच हळूहळू खाली गेलेला असतो आणि तिथला अमोनिया त्यामुळेच निरुपद्रवी रूपात पडून असतो. एकदम अर्धं ताजं पाणी घातलं की पीएच वर जातो आणि तो सगळा अमोनिया विषारी होतो. रोज १०–१५ टक्के, आठ-दहा दिवस.

चौथा मुद्दा वाचून कुणाला तरी आपला जुना मासा आठवेल. ‘पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी मेला, म्हणून मी पाणी बदलतच नाही’ असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच झालेलं असतं.

नवं पाणी कसं असावं: नगरपालिकेच्या नळाचं असेल तर क्लोरीन मारूनच. हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) लावून २४ तास ठेवलं तर साधा क्लोरीन उडतो. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचं टिकाऊ रूप, नुसतं ठेवून उडत नाही, त्याला थेंबच लागतात. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा ‘नेहमी तर काही होत नाही’ म्हणून थेंब टाळू नका. टँकरचं पाणी दर वेळी वेगळ्या विहिरीचं असू शकतं, म्हणून पेटीत घालण्याआधी त्याचा पीएच बघा. नुसतं आरओचं पाणी भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच स्थिर राहत नाही. नव्या आणि जुन्या पाण्याच्या तापमानात एक-दीड अंशापेक्षा जास्त फरक नको. हात घालून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर बुडवा.

सावध: फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू त्याच स्पंजात राहतात, क्लोरीनने ते मरतात. पेटीतलं थोडं पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळा, एवढंच. तो थोडा तपकिरी दिसलाच पाहिजे. ज्या दिवशी पाणी बदललं त्या दिवशी फिल्टरला हात लावू नका. पेटी नवी असेल तर हे जीवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या काळात मासा खात नसेल तर कारण शोधायला लांब जायची गरज नाही.

गोल काचेच्या बाऊलमधल्या फायटरबद्दल एवढंच सांगतो: फिल्टर नसलेल्या दोन-तीन लिटर पाण्यात अमोनिया काही दिवसांत चढतो. त्याला १५–२० लिटरच्या पेटीत हलवा, मग पुढचे टप्पे वाचा. बऱ्याचदा वाचायची वेळच येत नाही.

## टप्पा ४: तापमान, हवा, आणि खोलीतलं विष

माशाच्या शरीराचं तापमान पाण्याएवढंच असतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि भूक जाते. फायटर, गप्पी, एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांना २५ ते २८ अंश लागतात, डिस्कसला २८ ते ३०. गोल्डफिश १८ ते २४ मध्ये खूश असतो, त्याला हीटरची गरज सहसा नसते.

मुंबई-कोकणात हीटर न लावताही वर्ष निघतं. पुणे, नाशिक, नगर, विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री निघत नाही. दुपारी तीन वाजता मोजून ‘२५ आहे की’ म्हणू नका. पहाटे सहाला मोजा. दिवस-रात्रीत चार-पाच अंशांची चढउतार होत असेल तर न खाण्याचं कारण तिथेच मिळालं.

हीटर घेताना ढोबळ हिशेब लिटरला एक वॉट, म्हणजे ५० लिटरला ५० वॉट. तापमान चढवताना दर दोन-तीन तासांनी एक अंशापेक्षा जास्त नको. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून दहा मिनिटं थांबा. तापलेली काच उघडी पडली की तडकते, आणि विजेचा धोका वेगळाच.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला लागतो जास्त. पाणी ३१–३२ च्या वर गेलं असेल तर झाकण उघडून त्याजागी जाळी ठेवा, पृष्ठभागावर पंखा सोडा, हवेचा दगड वाढवा. बर्फाचे तुकडे टाकू नका. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

सावध: पेटीच्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे चालतो का? यातली बहुतेक कीटकनाशकं पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि माशांना अत्यंत विषारी. हवेचा पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. पेस्ट कंट्रोल किंवा दिवाळीआधीची रंगरंगोटी झाल्यानंतर माशांनी खाणं सोडलं असेल तर आजच अर्धं पाणी बदला, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि पंप दुसऱ्या खोलीतून हवा घेईल असा ठेवा. पाण्याच्या नेहमीच्या किटमध्ये हे विष दिसत नाही, म्हणून हा टप्पा ‘किट चांगलं सांगतंय’ म्हणून गाळू नका.

## टप्पा ५: शेजारी

संध्याकाळी पेटीचा दिवा घालवून, खोलीतल्या अंधुक उजेडात बघा. कोण कोणाला कोपऱ्यात दाबतं ते खायच्या वेळेला आणि दिवे गेल्यावर कळतं. शेपटी कुरतडलेली, खवले उडालेले, हीटरमागे लपून बसलेला मासा म्हणजे तो दाण्यापर्यंत पोचूच शकत नाही. टायगर बार्ब पर कुरतडतात. त्यांच्यासोबत फायटर किंवा एंजल ठेवू नका. गोल्डफिशसोबत सकर ठेवला तर तो कधीकधी गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटतो.

उपाय: दांडगाई करणाऱ्याला चार दिवस टबमध्ये टाका, मार खाणाऱ्याला नव्हे. परत सोडण्याआधी दगड-झाडांची जागा बदला, म्हणजे जुनी हद्द मोडते. फायटर एकटाच असेल तर फिल्टरचा प्रवाह बघा. लांब परांचा मासा जोरदार प्रवाहात दिवसभर पोहून थकतो आणि दाणा त्याच्यासमोरून वाहून जातो.

## टप्पा ६: आजार ओळखा, पण बाटली शेवटी उघडा

वरचं सगळं नीट आहे, दोन-तीन दिवस उलटले, आणि तरी मासा दाण्याकडे बघत नाही. आता इथे या.

पोट फुगलंय, विष्ठा नाही, मासा तिरका पोहतो. बद्धकोष्ठाची शक्यता मोठी. दोन-तीन दिवस खाद्य पूर्ण बंद. गोल्डफिशला त्यानंतर वाफवून साल काढलेल्या मटाराचे बारीक तुकडे. फायटरला मटार देऊ नका, तो किडे खाणारा मासा आहे. त्याला डॅफ्निया (पाण्यातले बारीक किडे) द्या. मेडिकलमध्ये मिळणारं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, २० लिटरला एक चहाचा चमचा, वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घालता येतं.

पोट फुगलंय आणि खवले उभे राहिलेत. हे बद्धकोष्ठ नव्हे, ड्रॉप्सी. आतले अवयव निकामी होत असल्याची खूण. मासा वेगळा करा आणि व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, दाखवा. वाचण्याची आशा कमी असते, ते आधीच सांगून ठेवतो.

पांढरे ठिपके. इक, म्हणजे त्वचेवरच्या परजीवीचा रोग. उष्ण पाण्याच्या माशांसाठी तापमान हळूहळू ३० पर्यंत, हवा वाढवून, आणि लिटरला एक ग्रॅम खडे मीठ विरघळवून. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी थांबू नका. परजीवीची अंगावरची अवस्था औषधाला दाद देत नाही, तो पाण्यात सुटल्यावरच मरतो. निदान दहा दिवस चालू ठेवा. लोच आणि कोरीसारख्या (तळाशी राहणाऱ्या छोट्या कॅटफिशसारख्या) माशांना, तसंच झाडांना, मीठ सोसत नाही. आजारी मासा टबमध्ये घेऊन तिथेच ते द्या, आणि मूळ पेटीला मिठाशिवाय फक्त उष्णता. परजीवी तिथल्या पाण्यातही असतोच.

पांढरी लोंबती विष्ठा, खाल्लं तरी खंगत जाणारा मासा, डोक्यावर खड्डे. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, डिस्कसमध्ये नेहमी दिसतं. आतले परजीवी असू शकतात. मेट्रोनिडाझोल वापरलं जातं, मासा खात असेल तर खाद्यातून, नसेल तर पाण्यातून. पण हे प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. मात्रा पाण्याच्या लिटरवर ठरते, ती व्हेटकडून घ्या, घरात उरलेल्या गोळीने अंदाज करू नका.

गुदद्वारातून लाल बारीक धागे बाहेर. कॅमालॅनस कृमी. पेटीतल्या सगळ्याच माशांना उपचार लागतो, एकट्याला नाही.

सावध: निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, ‘काही झालं तरी’ टाकायचं टॉनिक नाही. ते फिल्टरमधले जीवाणू मारतं आणि पेटीच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं करतं. द्यायचंच तर वेगळ्या टबमध्ये. दोन औषधं एकत्र घालू नका. औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

माशांवर उपचार करणारा व्हेट गावात सापडणं अवघड असतं. रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत आणि मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. जवळ राहणाऱ्यांनी चौकशी करायला हरकत नाही. जाताना व्हिडिओ, पाण्याचे आकडे आणि पेटीचे लिटर लिहून न्या.

## टप्पा ७: आता दाणा

आधी पाकीट बघा. सुट्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळणाऱ्या दाण्यांची तारीख कोणालाच माहीत नसते. उघडलेलं पाकीट तीन-चार महिन्यांत संपवा. पावसाळ्यात दमट हवेने दाण्यातलं तेल खवट होतं. वास घ्या, जुन्या शेंगदाण्याचा वास आला तर टाकून द्या. डबा पेटीच्या झाकणावर ठेवू नका, तिथे ऊबही असते आणि दमटपणाही. आकार माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा नको.

मग कोणाला काय:

फायटर. पृष्ठभागावर खातो, तळाला गेलेला दाणा बहुधा सोडून देतो. गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) किंवा डॅफ्निया पहिल्या दिवशी. डासांच्या अळ्या त्याला वेड लावतात, पण बादलीत त्या वाढवायच्या फंदात पडू नका: डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि पालिकेचं पथक आलं तर दंड वेगळा. डबक्यातल्या अळ्यांबरोबर परजीवी येतात.

गोल्डफिश. दाणा पेटीच्या पाण्यात भिजवून, बुडेल असा. तरंगता कोरडा दाणा खाताना तो हवा गिळतो. वाफवलेला पालक चालतो.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न. साल आणि काळा दोरा काढलेल्या कच्च्या कोळंबीचा छोटा तुकडा, मीठ-हळद न लावलेला. गांडूळ चालतं, पण बागेतल्या मातीतलं, खत-औषध न मारलेलं. गांडूळखताच्या पेटीतली लाल गांडुळं अंगातून कडवट द्रव सोडतात आणि बरेच मासे ती थुंकतात. चिकन-मटण नको, त्यातली चरबी माशाला पचत नाही.

गप्पी, मॉली. दाणा बोटांनी भुगा करून.

सकर. वाफवलेली काकडीची चकती स्टीलच्या चमच्याला अडकवून, दिवा घालवल्यावर. सकाळी उरलेली काढा.

जिवंत ट्युबिफेक्स मी कोणालाच सुचवत नाही. ते गटाराच्या गाळातून येतात. गोठवलेला ब्लडवर्म वाटीत पेटीच्याच पाण्यात वितळवा, वरचं लाल पाणी फेका, अळ्या घाला. एकदा वितळलेला तुकडा परत फ्रीझरमध्ये ठेवू नका. आणि हात धुवा. सुक्या ब्लडवर्मची ॲलर्जी माणसांना होते, नाक वाहायला लागतं, डोळे खाजतात.

घालायची रीत:

1. दिवा अर्धा तास आधी लावा. अंधारातून एकदम उजेड आणि लगेच दाणा, असं नको.
2. फिल्टर पाच मिनिटं बंद करा. पुन्हा चालू करायची आठवण मोबाइलवर लावा. इथे विसरणारे फार आहेत.
3. एकच दाणा किंवा दोन-तीन अळ्या टाका. रोज त्याच वेळी, पेटीच्या त्याच कोपऱ्यात.
4. बघत नसेल तर चिमट्यात धरून तोंडापासून दोन इंचावर हलकेच हलवा. हालचाल बघून झडप घालणं त्याच्या स्वभावात आहे. तोंडाला टोचू नका.
5. पाच मिनिटांत खाल्लं नाही तर सिरिंजने उचला. उद्या पुन्हा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त वेळा नाही.

लसणाचा रस चालतो का, हे सगळे विचारतात. चालतो, वासापुरता. एक पाकळी किसून रस गाळा, दाणे दहा मिनिटं भिजवा. लसणाने जंत जातात म्हणून औषध टाळणं मात्र धोक्याचं.

तपासा: तीन दिवस एकच खाद्य देऊन बघितलं का? दर जेवणाला नवा प्रकार टाकलात तर मासा काहीच ओळखत नाही आणि तुमच्या फ्रीझरमध्ये चार उघडी पाकिटं राहतात.

## टप्पा ८: लाडावलेला मासा

जिवंत मासे खाऊन वाढलेला ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न दाणा बघून तोंड फिरवतो, तब्येत मात्र ठणठणीत. खाद्य म्हणून दिले जाणारे स्वस्त गोल्डफिश रोग आणतातच, शिवाय त्यांच्यात थायमिनेझ असतं. ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. म्हणून ही सवय मोडायलाच हवी.

अमोनिया-नायट्राइट शून्यावर, अंग भरलेलं, विष्ठा ठीक, एवढी खात्री असेल तर पाच ते सात दिवस काहीही देऊ नका. मग एक दाणा. नाही घेतला तर उचला, दोन दिवस थांबा, पुन्हा एक. मध्येच कीव येऊन एक जिवंत मासा टाकलात की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. घरातल्या बाकीच्यांनाही बजावून ठेवा. ज्यांना इतकं कडक जमत नाही त्यांनी कोळंबीच्या तुकड्यात दाणा खोचून द्यावा आणि दोन आठवड्यांत कोळंबी कमी करत दाणे वाढवावेत. फ्लॉवरहॉर्नला जागा बदलली, पेटीतली सजावट हलवली, एवढ्यावरूनही रुसायला पुरतं. तसं असेल तर तीन बाजूंना कागद लावून आठवडाभर शांतता द्या.

सावध: हाडकुळ्या किंवा आजारी माशावर हा उपासाचा उपाय करू नका. जबरदस्तीने तोंड उघडून भरवणं घरी कधीच नाही. नळीने भरवायचं काम व्हेटचं आहे.

## टप्पा ९: पहिला घास घेतल्यानंतर

खायला लागला की प्रेमाने डबा रिता करू नका. पहिले तीन दिवस नेहमीच्या पाव हिस्सा, एकदाच. पुढचे तीन दिवस अर्धा. मग दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढं. या आठवड्यात अमोनिया एक दिवसाआड मोजा. उपासाच्या दिवसांत फिल्टरला काम कमी होतं, तो एकदम पूर्ण भार पेलेलच असं नाही. नवी विष्ठा दाण्याच्या रंगाची दिसली तर पचन सुरू झालं. नंतर आठवड्यातला एक दिवस खाद्य बंद ठेवलं तरी मोठ्या माशांना चालतं, आणि घरातल्या प्रत्येकाने घातलं की पेटीजवळच्या कॅलेंडरवर खूण करायची, असा नियम लावून टाका.

दहा दिवसांत काहीच फरक नाही, अमोनिया-नायट्राइट शून्यावर आहेत, तापमान स्थिर आहे, आणि पाठ बारीक होत चालली आहे, तर नवं पाकीट घेऊ नका. मासा टबमध्ये वेगळा करा आणि व्हिडिओ घेऊन व्हेटकडे जा.